सावत्र पालकाची सही

आपल्या कायद्याला सावत्र आईबाप मोजक्याच जागी दिसतात. त्यांतल्या दोन जागा शेजारीशेजारी ठेवून पाहाव्यात अशा आहेत. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठी २००७ साली कायदा झाला. त्यात आईवडील कोणाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे : जन्म देणारे, दत्तक घेणारे आणि सावत्रही. दुसरी जागा म्हणजे मुलांचं लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण करणारा २०१२ चा ‘पॉक्सो’ कायदा. मुलाशी रक्ताने, दत्तकाने किंवा लग्नामुळे नातं जडलेल्या माणसाने अत्याचार केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा धरला जातो आणि शिक्षाही वाढते. दोन्ही तरतुदी रास्त आहेत, त्यांना हात लावायचं काही कारण नाही. पण आता १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा उघडा. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा नैसर्गिक पालक कोण, हे सांगणाऱ्या सहाव्या कलमाखाली एक स्पष्टीकरण आहे : या कलमापुरतं ‘पिता’ आणि ‘माता’ यांत सावत्र पिता आणि सावत्र माता येत नाहीत.

म्हणजे सावत्र बाप कायद्याला आरोपी म्हणून दिसतो आणि म्हातारपणी निर्वाहखर्च मागायला आला की दिसतो. मधली जी वर्षं तो फी भरतो, गृहपाठ घेतो, मूल तापाने फणफणलं की रात्र जागून काढतो, त्या वर्षांत तो कोणीच नसतो.

पुनर्विवाहाबद्दल आपल्याकडे जे लिहिलं-बोललं जातं, ते बहुतेक सगळं मनाबद्दल असतं. सांभाळून घ्या, वेळ द्या, आपलं-परकं करू नका. सल्ले चुकीचे नाहीत, पण त्यांच्या मुळाशी एक समजूत आहे : अशा घरात जे बिघडतं, ते माया कमी पडल्यामुळे. मला वाटतं, बरंचसं बिघडतं ते कोणाची जागा कुठे, हेच ठरलेलं नसल्यामुळे. आपण सावत्र पालकाकडून पहिल्या दिवसापासून पोटच्या मायेची अपेक्षा ठेवतो आणि सहलीच्या फॉर्मवर सही करण्याइतकाही दर्जा त्याला देत नाही. हे नेमकं उलटं हवं. माया मागू नये, ती आली तर येईल. दर्जा मात्र कायद्याने द्यावा. तो मर्यादित असावा, रोजच्या कारभारापुरता असावा आणि जन्मदात्या पालकाचा तसूभरही हक्क न काढता दिलेला असावा.

सहलीचा फॉर्म मी उगाच म्हटला नाही. ओळखीतल्या एका घरात आठ वर्षांची मुलगी आहे. आईचं दुसरं लग्न होऊन तीन वर्षं झाली. घरी ती आईच्या नवऱ्याला ‘काका’ म्हणते, मैत्रिणींसमोर ‘बाबा’ म्हणते, आणि या दोन हाकांमध्ये तिची कधी गफलत होत नाही. आई कामासाठी बाहेरगावी गेलेली असताना सहलीच्या फॉर्मची मुदत संपत आली, म्हणून काका शाळेच्या ऑफिसात गेले. फॉर्मवर मुलीचं पूर्ण नाव होतं : तिचं नाव, तिच्या जन्मदात्या वडिलांचं नाव, त्यांचं आडनाव. खाली ‘पालकाची सही’. काकांनी सही केली. क्लार्कने सही पाहिली, वरचं नाव पाहिलं आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “आपण मुलीचे कोण?” काका काही बोलायच्या आत मुलीने मान खाली घालून बुटाचा वेल्क्रो उघडला, लावला, पुन्हा उघडला. फॉर्म परत आला.

त्या क्लार्कला मी दोष देणार नाही. सहलीत काही बरंवाईट झालं असतं, तर ‘भलत्याच माणसाची सही कशी चालवून घेतली’ म्हणून तोच गोत्यात आला असता. त्याच्यापुढे दोनच रकाने होते, आई आणि वडील. समोरचा माणूस कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

आपल्याकडे हा प्रश्न जास्त टोचतो, कारण मराठी नावाच्या मधोमध बापाचं नाव असतं. हजेरीत, हॉल तिकिटावर, बक्षीस समारंभाच्या माइकवर मुलाच्या घराचा इतिहास मोठ्याने वाचला जातो. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारने ठरवला. चांगलंच झालं. पण त्या क्रमातही तिसऱ्या माणसाला जागा नाही.

सर्वोच्च न्यायालयापर्यंत हा प्रश्न गेला तो आडनावाच्या वाटेने. आंध्र प्रदेशातलं प्रकरण. मूल तान्हं असताना वडील गेले, पुढे आईने दुसरं लग्न केलं आणि मुलाला नव्या घरचं आडनाव लावलं. आजीआजोबा कोर्टात गेले. उच्च न्यायालयाने सांगितलं की मुलाला जुनं आडनाव द्या, आणि कागदपत्रांत आईच्या नवऱ्याचं नाव लिहायचंच असेल तर ‘सावत्र वडील’ म्हणून लिहा. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. आडनाव ठरवण्याचा हक्क आईचा आहे, असं म्हटलं. आणि कागदोपत्री ‘सावत्र’ लिहायला लावणं जवळजवळ क्रूर आहे, मुलाच्या मनावर आणि स्वाभिमानावर त्याचा काय परिणाम होईल याचा विचारच त्यात नाही, असंही सुनावलं. निकाल स्वागतार्ह होता. पण त्याने आईचा हक्क पक्का केला, सावत्र बापाचा प्रश्न होता तिथेच राहिला. त्या प्रकरणात नव्या पतीने मुलाला रीतसर दत्तक घेतलं होतं. ज्या घरात दत्तक झालेलं नाही, त्या घराला या निकालातून फारसं काही मिळत नाही.

दत्तकाकडे येतो, पण आधी मायेबद्दल थोडं.

लग्न लागल्यावर चार माणसांत मुलाला पुढे ओढून “आता हीच तुझी आई हं” असं सांगणारी एक तरी आत्या प्रत्येक घरात असते. तिचा हेतू चांगला असतो. पण त्या एका वाक्यात मुलाला दोन गोष्टी ऐकू येतात. पहिली म्हणजे आधीची आई आता संपली. आणि दुसरी, हिच्यावर प्रेम केलं तर आपण त्या आईला विसरल्यासारखं होईल. आई वारली असेल तर हा पेच जड असतो, आणि ती घटस्फोट घेऊन दोन स्टेशनं पलीकडे राहत असेल तर त्याहून जड. मूल मग मोठ्या हुशारीने नव्या आईशी नीट वागायचं टाळतं. त्याला आपण ‘हट्टी झालाय’ म्हणतो आणि तिला म्हणतो ‘शेवटी सावत्र ती सावत्रच’. बाईच्या बाबतीत हा शिक्का तयारच असतो, फक्त उठवायचा बाकी असतो. ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी ही तिची सख्खी आई होती. १८१९ च्या आवृत्तीत त्यांनी तिला सावत्र केलं. सख्ख्या आईचं नाव खराब होऊ नये म्हणून सावत्र आईच्या माथी मारण्याची ही सोय जगभरच्या कथाकारांना आवडलेली दिसते.

सावत्र बापाची परीक्षा वेगळी. त्याने खर्च केला की तो देवमाणूस, आवाज चढवला की राक्षस. मायेची मोजपट्टी बाईला, पैशाची पुरुषाला. कारभारात या दोघांना बोलायचा हक्क किती, हे मात्र कोणीच सांगत नाही.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ अँड्र्यू चर्लिन यांनी १९७८ मध्ये पुनर्विवाहाला ‘अपूर्ण संस्था’ म्हटलं. त्यांच्या मांडणीवर पुढे वाद झाले, पण मुद्दा अजून शिळा झालेला नाही. पहिल्या लग्नाच्या घरात कोण कोणाचं काय लागतं, कोणाला काय हाक मारायची, भांडण झालं तर शेवटचा शब्द कोणाचा, हे रूढी आणि कायदा यांनी मिळून आधीच ठरवून ठेवलेलं असतं. मुलांसह झालेल्या दुसऱ्या लग्नात ते प्रत्येक घराला कोऱ्या पाटीवर लिहावं लागतं, तेही दमलेल्या, दुखावलेल्या माणसांनी. अशा कुटुंबांबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या पॅट्रिशिया पेपरनाव या मानसशास्त्रज्ञ सांगतात की हे घर स्थिरावायला महिने पुरत नाहीत, वर्षं लागतात. आणि सावत्र पालकाने शिस्त लावण्याची घाई करू नये, ते काम निदान सुरुवातीला जन्मदात्या पालकाकडेच ठेवावं.

इथे कोणी मला अडवेल. शिस्तीची घाई नको म्हणता आणि वर कायदेशीर अधिकारही मागता? त्याचं उत्तर असं की शिस्त आणि कारभार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाने मोबाइल किती वेळ पाहायचा, हे सावत्र आईने पहिल्या महिन्यात ठरवू नये. पण मूल शाळेत चक्कर येऊन पडलं, तर त्याला घरी आणण्याचा, डॉक्टरांना त्याच्या ॲलर्जीबद्दल सांगण्याचा, टाके घालायला होकार देण्याचा अधिकार तिला शिस्तीच्या कितीतरी आधी हवा. उलट माझा अनुभव असा आहे की ज्यांना कारभारात जागा मिळत नाही, तेच हुकूम गाजवून ती मिळवायला जातात. सही चालत नाही ना, मग आवाज तरी चालवून दाखवतो.

मुलांचा प्रश्न पुनर्विवाहाच्या चर्चेत कायम मागच्या बाकावर बसलेला आहे. १८५६ च्या विधवा पुनर्विवाह कायद्याचं आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा मृत पतीच्या मालमत्तेवरचा हक्क संपवला होता, आणि तिसऱ्या कलमाने मृत पतीच्या नातेवाइकांना मुलांसाठी दुसरा पालक नेमून मागण्याची मुभा दिली होती. लग्न कर, पण मुलं इथे ठेवून जावी लागतील याची तयारी ठेव, असाच त्याचा अर्थ. धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केलं तेव्हा पहिल्या पत्नीचा मुलगा रघुनाथ घरात होता. या लग्नावरून मुरुडला बहिष्कार झाला, त्यावर आपण पानंच्या पानं वाचली. अकरा वर्षांच्या मुलाला नवी आई मिळाली, त्या घराने ते कसं जमवलं, हे मात्र सुधारणेच्या इतिहासात विचारण्यासारखं कोणाला वाटलं नाही.

१८५६ चा कायदा १९८३ मध्ये पुस्तकातून गेला, पण व्यवहारातून गेला नाही. स्थळांच्या जाहिराती चाळा. ‘विनापाश घटस्फोटितेस प्राधान्य.’ ‘एक मुलगी, आजोळी राहील.’ हे दुसरं वाक्य मला फार अस्वस्थ करतं. जिच्याबद्दल ते लिहिलंय, ती कदाचित त्याच घरात दुसरीच्या पुस्तकाला कव्हर घालत बसली असेल. पुरुषाच्या जाहिरातीत ‘मुलांना आईची गरज आहे’ असं असतं, बाईच्या जाहिरातीत ‘मुलाची जबाबदारी येणार नाही’ असं. बापाची मुलं ही दुसऱ्या लग्नाचं कारण ठरतात आणि आईची मुलं अडचण. आजोळी वाढलेली सगळी मुलं दुःखी असतात असं नाही, पुष्कळांचं बरं चालतं. पण आईचा संसार व्हावा म्हणून मूल घराबाहेर, ही अट आपण इतकी सहज कशी मान्य करतो? याचं एक कारण मला असं दिसतं की नव्या नवऱ्यालाही मुलाच्या संदर्भात आपण कोण, हे कळत नसतं. मान नाही, हक्क नाही, आणि चुकलं तर बोल मात्र खायचा. मग ‘आजोळीच राहू द्या’ हेच सोपं वाटतं.

सरकारला तरी हे कुटुंब कुठे दिसतं? २०११ च्या जनगणनेत वैवाहिक स्थितीसाठी अविवाहित, सध्या विवाहित, विधवा-विधुर, विभक्त, घटस्फोटित असे पर्याय होते. पुनर्विवाह केलेलं जोडपं ‘सध्या विवाहित’ या ढिगात मिसळून गेलं. जे मोजलंच जात नाही, त्याच्यासाठी धोरण कोण आखणार?

आज सावत्र पालकासमोर कायद्याची एकच सरळ वाट आहे, दत्तकाची. २०२२ च्या दत्तक नियमावलीत सावत्र पालकाने दत्तक घेण्याची वेगळी सोय आहे, आणि दत्तकाचा आदेश आता कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यासाठी दुसऱ्या जन्मदात्या पालकाची संमती लागते आणि दत्तक झालं की त्या पालकाशी मुलाचं कायदेशीर नातं तुटतं. घटस्फोटित पण मुलाला दर रविवारी भेटणारा बाप ही संमती कशाला देईल? देऊही नये. आणि जिथे बाप वारलेला आहे, तिथे दहा वर्षांच्या मुलाने नव्या वडिलांसाठी जुन्या वडिलांचं नाव पुसायला तयार व्हावं, असं तरी आपण का म्हणावं? दत्तक ज्यांना हवं त्यांच्यासाठी असावंच. पण मुलाचा ॲडमिशन फॉर्म भरता यावा म्हणून कोणाला दत्तक घ्यावं लागू नये.

दुसरी वाट १८९० च्या पालक व पाल्य कायद्याची, जो सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्याखाली कोर्ट पालक नेमू शकतं. पण एकोणिसाव्या कलमानुसार आई किंवा वडील हयात असतील आणि अपात्र ठरलेले नसतील, तर मालमत्तेचा नव्हे, खुद्द मुलाचा पालक म्हणून दुसऱ्या कोणाला नेमता येत नाही. थोडक्यात, सावत्र आईला अधिकार मिळावा असं वाटत असेल तर नवऱ्याने आधी नालायक ठरायला हवं. आता याला काय म्हणावं!

परका आणि दत्तक यांच्या मधली पायरी जगात इतरांनी बांधलेली आहे. इंग्लंडमध्ये १९८९ च्या बालक कायद्यात पुढे एक कलम घातलं गेलं. त्यानुसार जन्मदात्या पालकांनी लेखी करार करून किंवा कोर्टाच्या आदेशाने सावत्र पालकाला पालकत्वाची जबाबदारी देता येते, आणि त्याने कोणाची आधीची जबाबदारी कमी होत नाही. जर्मनीत २००१ पासून, एकट्या पालकाकडे पूर्ण ताबा असेल तर त्याच्या जोडीदाराला मुलाच्या रोजच्या बाबींत सहमतीने निर्णय घेता येतो, आणि तातडीच्या वेळी एकट्यानेही. स्वित्झर्लंडच्या दिवाणी संहितेत तर पती-पत्नीने एकमेकांच्या मुलांच्या पालनात साथ देणं आणि गरज पडली तर जोडीदाराच्या वतीने उभं राहणं, हे कर्तव्यच आहे. यांपैकी कुठल्याच देशात त्यामुळे सख्ख्या बापाचं बापपण गेलेलं नाही.

आपल्याकडे एक नोंदणीकृत करारनामा पुरेल. लग्नाला वर्ष झाल्यावर तो करता यावा. शाळा, नेहमीचे आणि तातडीचे वैद्यकीय उपचार, देशातला प्रवास एवढीच त्याची व्याप्ती असावी. नाव बदलणं, धर्म, मालमत्ता, परदेशी वास्तव्य यांत त्याने पडू नये. दुसरा जन्मदाता पालक हयात असेल तर त्याला नोटीस जावी, हरकत घ्यायला मुदत मिळावी. मूल समजत्या वयाचं असेल तर त्याला वेगळं बसवून विचारावं. आणि करार देणाऱ्याला तो कधीही मागे घेता यावा. यासाठी नवं खातं काढायची गरज नाही, कौटुंबिक न्यायालयं आणि नोंदणी कार्यालयं आहेतच.

सगळ्यात गंभीर आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. मार्टिन डेली आणि मार्गो विल्सन या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून मांडलं की सावत्र पालकाच्या घरात लहान मुलांना जीवघेण्या हिंसेचा धोका तुलनेने जास्त असतो. त्यांच्या आकड्यांवर आणि निष्कर्षांवर बराच वाद आहे. पण क्षणभर ते जसंच्या तसं मान्य केलं, तरी त्यातून काय निघतं? तो माणूस मुलासोबत त्याच घरात राहतोच आहे. कागद नसल्याने तो घराबाहेर जात नाही, फक्त नोंदीबाहेर जातो. आज शाळेच्या दप्तरात त्याचं नाव नाही, डॉक्टरांच्या फाइलमध्ये नाही. करार झाला तर निदान एकदा तरी कोणा अधिकाऱ्यासमोर त्याला यावं लागेल, मुलाला कोणीतरी एकट्याने विचारेल, आणि दुसऱ्या पालकाला कळेल की आपल्या मुलाच्या घरात कोण आहे. मुलाच्या दृष्टीने यात जास्त आडोसा आहे.

दुसरा आक्षेप घटस्फोटित वडील घेतील : माझ्या मुलावर आता तिसऱ्याचा हक्क? त्यांची भीती खरी आहे, कारण ताब्याच्या भांडणात मुलाचा हत्यारासारखा वापर होतो, हे कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात तासभर बसलेल्या कोणालाही कळतं. म्हणूनच नोटीस आणि हरकत. पण दर रविवारच्या दोन तासांसाठी येणाऱ्या बापाने सोमवार ते शनिवारचा कारभारही कागदोपत्री अडवून धरावा, हे मला पटत नाही.

मालमत्तेचं या करारात आणूच नये. सावत्र मूल सावत्र बापाचं वारस ठरत नाही. आईच्या बाबतीतही १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हिंदू स्त्रीच्या वारसांतल्या ‘मुलगा’ या शब्दात सावत्र मुलगा येत नाही. आला तर नंतरच्या क्रमाने, पतीचा वारस म्हणून. ज्यांना द्यायचंय त्यांनी मृत्युपत्र करावं, आणि लग्नानंतर लगेच करावं. घरातले निम्मे संशय तिथेच मिटतात.

खरी कसोटी लागते ती मूल आणि सावत्र पालक यांना जोडणारा माणूस गेल्यावर. चार वर्षांची असल्यापासून जिला सावत्र बापाने वाढवलं, ती मुलगी चौदाची आहे. आई वारली. घरात तिची पाच वर्षांची धाकटी बहीण आहे, आई तीच, बाप दुसरा. कायद्याने मोठीचा नैसर्गिक पालक तिचा जन्मदाता, ज्याला ती वर्षातून एकदा भेटत आली. तो न्यायला आला तर सावत्र बापाला १८९० च्या कायद्याखाली अर्ज करण्यावाचून इलाज नाही, आणि तिथेही जन्मदाता हयात असल्याची अडचण आहेच. मुलीचं हित काय आणि तिची स्वतःची इच्छा काय, याचा विचार कोर्ट करेल. पण निकालाला दोन वर्षं लागली तर तोवर ती कोणत्या घरात राहणार? करार पाच वर्षं चालू राहिलेला असेल, तर निकाल लागेपर्यंत मूल आहे त्याच घरात, भावंडांसोबत राहील, आणि ते हलवायचं का, हे सिद्ध करण्याची जबाबदारी हलवू पाहणाऱ्यावर असेल, असं एक कलम त्या करारनाम्यात पहिल्या मसुद्यापासूनच हवं.